रीताचा देश

आमच्या अड्याळात मालदीव या देशाबद्दल जेवढी माहिती आहे, तेवढी जिल्ह्याच्या कचेरीतही नसेल. हे सगळं माझ्या दिराचं, प्रविणचं काम. तो काही मास्तर नाही. धानाची शेती करतो, कधीकाळी बी.ए. झालेला आहे आणि त्याची बायको रीता त्या देशातल्या एका बेटावर नर्स आहे. एवढ्या भांडवलावर त्यानं गाव शहाणं करून सोडलं.

कोणी सहज विचारावं, रीता कशी आहे, की हा सुरू. तो देश म्हणजे समुद्रात विखुरलेली हजार-बाराशे बेटं. त्यातल्या दोनशेच्या आतच बेटांवर माणसं राहतात. राजधानी माले. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्याच्या निम्मीही नाही. नदी एकही नाही, डोंगर नाही. अख्ख्या देशातली सर्वांत उंच जागा आपल्या तलावाच्या पाळीपेक्षा ठेंगणी. धान पिकत नाही, तांदूळ जहाजानं बाहेरून येतो. पाणी प्यायचं तर पावसाचं टाकीत धरायचं, नाहीतर समुद्राचं मशीनमधून गोड करून घ्यायचं. कुत्रं पाळायला बंदी. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. इथपर्यंत येता येता समोरच्याचा चहा संपतो. तो कप खाली ठेवतो, मोठाच निराळा मुलूख म्हणतो आणि उठतो. आपण विचारलं काय होतं, हे त्याच्याही ध्यानात राहत नाही.

माझ्या राहायचं. मी प्रविणची चुलत वहिनी, धुरपता. माझे मालक केशवराव आणि तो चुलत भाऊ. घरं दोन, अंगण एक. त्यामुळे हे पुराण मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की झोपेतून उठवून विचारलं तरी त्या देशाच्या झेंड्याचे रंग सांगेन. लाल, हिरवा आणि मधे पांढरी चंद्रकोर. मला त्याचा उपयोग काय, ते विचारू नका.

मध्यंतरी आपल्या लोकांचं आणि त्या देशाचं काहीतरी बिनसलं होतं. मोबाइलवर रोज तेच. तेव्हा पानठेल्यावर लोक प्रविणला घेरून जाब विचारायचे की तुमच्या देशानं हे काय लावलं आहे. आणि हाही शहाणा तिथला वकील असल्यासारखा समजावत बसायचा. तेव्हापासून गावात कोणी मालदीव म्हणतच नाही. रीताचा देश म्हणतात.

रीता मूळची जवाहरनगरची. वडील तिथल्या कारखान्यात होते. क्वार्टरमध्ये वाढलेली, कारखान्याच्या बसच्या वेळेवर उठणारी पोरगी. वडील रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि ते नागपूरला मुलाच्या दोन खोल्यांत जाऊन राहिले. माझं माहेर सरकारनं परत घेतलं, असं ती म्हणायची. गमतीनं म्हणायची, मीही हसायची.

लग्नानंतर ती भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात होती. रोज बसनं जाणं-येणं. अड्याळातली कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्माला आली. माझा धाकटाही तिच्याच हातावर. तिला स्वतःला मात्र झालं नाही. नागपूरचे डॉक्टर झाले, आंभोऱ्याचा नवस झाला, दहा-अकरा वर्षं गेली. त्यावरून तिला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. आमच्या घरात कोणी कोणाला टोचून बोलत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता बारशाला बायका बसल्या, की बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जातं. ते रीताच्या अलीकडच्या बाईकडून उचललं जायचं आणि पलीकडच्या बाईकडे जायचं. कोणी मुद्दाम करत नव्हतं. हात आपोआप लांबायचे. आणि रोवण्याचं म्हणाल, तर आमच्या सासरची जुनी चाल आहे. धानाच्या रोपांची पहिली पेंडी लेकुरवाळीच्याच हातून चिखलात लागते, म्हणजे शेतही भरल्या पदराचं होतं. प्रविणच्या बांधीत ती पेंडी मी लावायची. माझ्या पदरी तीन लेकरं. रीता त्या शेताची मालकीण, पण ती माझी चप्पल आणि पाण्याचा गुंड सांभाळत बांधावर उभी राहायची. वर तोंडभर हसायची. तिलाच त्याचं काही वाटत नव्हतं, तर मला का वाटावं?

मग कुठून तरी तिला कळलं, की त्या देशाच्या सरकारी दवाखान्यांसाठी इकडच्या नर्स घेतात. तिनं कागद भरले, मुलाखत दिली आणि सगळं पक्कं झाल्यावर घरी सांगितलं. केशवराव म्हणाले, काय गरज आहे, घरात काय कमी आहे? प्रविण म्हणाला, तुझी मर्जी. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही, नुसतं तुझी मर्जी. त्याचा स्वभावच तसा. मनातलं बोल म्हटलं की त्याला ठसका लागतो.

रीता गेली त्याला आता दोन वर्षं होतील. बेट एवढंसं, की चुलीवर डाळ ठेवून निघालं तर ती शिजायच्या आत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जाऊन परत यावं. माती नाही, नुसती पांढरी वाळू. सकाळी बायका घरापुढची वाळू झाडतात, जसं आपण अंगण झाडतो. नाश्त्याला मासळी आणि खोबरं कालवून रोटीशी खातात. घराबाहेर दोरीच्या जाळीच्या खुर्च्या असतात, त्यात संध्याकाळी सगळे पाय पसरून बसतात. भाजीची बोट आली तर भाजी, समुद्र खवळला तर नाही. रीतानं तेलाच्या कापलेल्या डब्यात कुठूनशी माती मिळवून सांबार लावला आहे, म्हणजे कोथिंबीर. तिला मिळालेली खोली दोन नर्सांत एक. तिथं नवऱ्याची सोय नाही, आणि असती तरी धान सोडून हा माणूस कुठे चार दिवस राहिलेला मला माहीत नाही.

हे सगळं मला रीताच्या तोंडून कळलेलं नाही. प्रविणच्या तोंडून कळलं. फोन रोज संध्याकाळी यायचा. मी अंगणात असायची, कान काही झाकून ठेवता येत नाहीत. तो विचारायचा, पाऊस आहे का, बोट आली का, आज मासळी कोणती होती, लाईट गेली होती का? ती सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच पानठेल्यावर. त्याला वाटायचं आपण बायकोशी बोलतो. मला वाटायचं हा बातम्या घेतो आहे.

बाकी त्याचं कसं चाललं होतं ते काय सांगू. घरात टीव्ही सकाळपासून सुरू, समोर माणूस नाही. सकाळी एकदाच भात टाकायचा आणि तोच दोन्ही वेळा खायचा. दर रविवारी रीताची स्कूटी अंगणात काढून चालू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. कुठं जायचा नाही. नुसता हँडल धरून उभा राहायचा आणि गाडी घुरघुरत राहायची. माझे पापड वाळत असायचे, त्यावर सगळा धूर. मी ओरडले की बंद करायचा, पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एकदा मला दया आली आणि मी काहीच बोलले नाही, तर त्यानं स्वतःच बंद केली आणि माझ्याकडे बघत राहिला. जणू ओरडायला तरी कोणीतरी हवं होतं. तेव्हापासून मी आठवणीनं ओरडते.

यंदा रोवण्याच्या आधी तो एकदा माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. रीताची मुदत संपत होती. दोन वर्षांसाठी वाढवायची की परत यायचं, हे तिनं महिना संपायच्या आत दवाखान्याला कळवायचं होतं. मी विचारलं, तू काय म्हणालास? तो म्हणाला, मी काय म्हणू, नोकरी तिची आहे.

असं म्हणाला खरा, पण त्याच आठवड्यात त्यानं न्हाणीघराला नवीन दार बसवलं. जुन्या दाराची कडी लागत नाही, ही रीताची तक्रार. तीही आजची नाही, लग्नानंतर दुसऱ्या वर्षीची. दाराला निळा रंग दिला, मग तो आवडला नाही म्हणून त्यावर हिरवा दिला. त्याला ती परत हवी होती. आंधळ्यालाही दिसेल इतकी हवी होती. फक्त एक शब्द तिला सांगायचा होता, ये म्हणून, आणि तो शब्द सोडून हा बाकी सगळं करत होता.

रोवण्याच्या आदल्या दिवशी बायजाबाई आत्या आली. ही आमच्या दोन्ही घरची आत्या, बपेऱ्याला दिलेली. एवढ्या लांबून तुमसर, भंडारा करत दोन बसा बदलून दरवर्षी येते. आता तिला चिखलात वाकता येत नाही, पण माहेरचा रोवणा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा पावसाळा सुरू होत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं सपरीवर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसलो होतो. केशवराव खत आणायला पवनीला गेले होते. आत्यानं सुपारी कातरता कातरता विचारलं, रीता कशी आहे? मी मनात म्हटलं, झालं. प्रविणनं घसा साफ केला आणि बेटं, माले, लोकसंख्या असं करत निघाला. आत्या मान हलवत ऐकत होती. नदी नाही म्हटल्यावर तिनं अरे बापा म्हटलं. कुत्री नाहीत म्हटल्यावर, ते बरं आहे म्हणाली. घड्याळाचा अर्धा तास झाला आणि माहिती संपली. एरवी इथं माणूस उठतो. आत्या उठणार कुठं, तिचा मुक्कामच होता.

"हे समदं ठीक आहे बाबू," ती म्हणाली. "तिले तिथं करमते का?"

मला वाटलं, प्रविणनं ऐकलं नाही. पण त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू एवढ्या सगळ्या माहितीत आपण हीच एक गोष्ट पाहायची विसरलो.

"करमत असन," तो म्हणाला.

"असन म्हंजे? तू इचारलं नाही तिले?"

त्यावर तो खाली बघू लागला. दोन वर्षं रोज फोन, आणि या माणसानं बायकोला एवढं विचारलं नव्हतं. मला राग आला. आत्यालाही आला असावा, पण ती फक्त म्हणाली की लाव फोन, आणि माझ्यासमोर विचार.

त्यानं फोन लावला. आत्याला ऐकू जावं म्हणून आवाज मोकळा ठेवला. रीतानं लगेच उचलला, रोजचीच वेळ होती. हा सवयीनं पाऊस आहे का म्हणाला. ती म्हणाली, सकाळी होता. बोट आली का? आली. आत्यानं त्याच्या गुडघ्याला अडकित्ता टोचला.

"रीता," तो म्हणाला, "तुले तिथं करमते का?"

तिनं आधी विचारलं की बाजूला कोण आहे. यानं खरं सांगितलं. आत्या आहे, वहिनी आहे, आत्यानंच विचारायला लावलं. ती हसली. जुनंच हसू, चप्पल सांभाळताना हसायची ते.

"करमते," ती म्हणाली.

मग न विचारता तिनं सांगितलं. पंधरवड्यापूर्वी तिच्या बेटावरच्या एका मासेमाऱ्याची बायको अडली होती. समुद्र खवळलेला, मोठ्या दवाखान्याच्या बेटावर बोट नेता येईना. डॉक्टर सुट्टीवर. हिनं एकटीनं बाळंतपण केलं. मुलगी झाली. सातव्या दिवशी त्यांच्याकडे नाव ठेवायचं जेवण होतं, तिथं हिला बोलावलं. दोरीच्या खुर्चीत बसवलं, बाळ मांडीवर ठेवलं आणि घरच्या बायका जेवण वाढायला निघून गेल्या.

"लय वेळ ते लेकरू माह्या मांडीवर होतं," रीता म्हणाली. "पाय बधिर झाला, पण मी कोणाले देल्लं नाही. कोणी मांगालेही आलं नाही."

आत्यानं सुपारी कातरायची थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. मी सपरीवर सांडलेले सुपारीचे तुकडे गोळा केले. सगळे गोळा झाले तरी हाताला काही काम हवं म्हणून पुन्हा एकदा हात फिरवला.

"तुमचं काय?" रीतानं त्याला विचारलं. "तुमाले करमते का तिथं?"

आणि काय सांगू, हा माणूस सुरू झाला. इथं पाऊस बरा आहे. तलाव अर्ध्याच्या वर भरला. रोपं चांगली आली. ट्रॅक्टरवाल्यानं चिखल करून दिला, उद्या रोवणा. रोवणाऱ्या बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या. लाईट संध्याकाळी जाते, येते. बाजारात टमाटर महाग झाले. पवनीच्या रस्त्याचं काम निघालं आहे. रीताचा देश जसा सांगायचा, तसाच तो अड्याळ सांगत होता, तेही अकरा वर्षं अड्याळात राहून गेलेल्या बाईला. रीतानं त्याला संपवू दिलं.

"अड्याळ मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुमाले इचारून रायली."

त्याचे ओठ हलले. मला वाटलं, पुन्हा तलावावर येतो की काय. पण त्याच्याकडची माहिती संपली होती.

"मले नाही करमत," तो म्हणाला. "टीव्ही चालू ठेवतो. तरी नाही करमत."

त्याच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो एवढं स्वतःबद्दल बोललेला मी पहिल्यांदा ऐकलं. आता पुढचं बोल, मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. ये म्हण. एवढ्यासाठीच तर दार बसवलंस ना, म्हण की.

त्याच्याआधी रीता बोलली. आवाज चढलेला नव्हता. दवाखान्यात ताप सांगतात तसा सरळ आवाज.

"मलेही नव्हतं करमत, अड्याळले. दहा-अकरा वर्षं. तुमी कधी इचारलं नाही, मंग मी पण सांगतलं नाही."

नंतर म्हणाली, तिचा कोणावर राग नाही. वहिनीवर नाही, आत्यावर नाही, त्याच्यावर तर नाहीच. महिन्याअखेरीस कळवायचं आहे, आणि तो म्हणेल तसं करीन. परत ये म्हणाला तर परत येईन. तिच्या बोलण्यात काही आडपडदा नव्हता. ती खरंच आली असती.

मला त्या क्षणी एक वाक्य बोलता आलं असतं. ये रीता, उद्या नाही तर पुढच्या वर्षी, पहिली पेंडी तू लाव, माझी कंबर आता वाकत नाही. वाक्य अगदी गळ्यापर्यंत आलं होतं. पण नवरा-बायकोच्या बोलण्यात वहिनीनं कशाला पडायचं? आणि चाल काही मी काढलेली नाही. आत्याही बोलली नाही. आम्ही दोघी बाया फोनकडे बघत बसलो. त्या फोनमधून तिकडच्या कुठल्याशा लेकरांचा खेळण्याचा आवाज येत होता, आणि मधेच कोणीतरी रीताला त्यांच्या भाषेत हाक मारली. तिनं त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. काय म्हणाली ते आम्हाला कळलं नाही, पण आवाज किती मोकळा होता ते कळलं. असा आवाज तिनं आमच्या अंगणात कधी काढला होता का, मी आठवून पाहिलं. आठवला नाही.

प्रविणनंही तो ऐकला. तो बराच वेळ फोन तळहातावर धरून होता. नवीन दार समोरच होतं, त्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"मंग मुदत वाढव," तो म्हणाला. "करमते तर राय तिथंच."

"आणि तुमी?"

"मी हाओ इथं."

रीतानं विचारलं, जेवले का? तो म्हणाला, जेवतो आता. ती म्हणाली, सकाळचाच भात खाऊ नका. तो बरं म्हणाला आणि फोन बंद झाला.

आत्या उठून आत जाऊन आडवी झाली. प्रविण तिथंच बसून राहिला. रस्त्यानं कोणीतरी बैल घेऊन गेलं, यानं मान वर केली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा मी उठले, तसा तो म्हणाला, वहिनी, भात उरला आहे का तुमच्याकडे? दोन वर्षांत त्यानं माझ्या दारात कधी काही मागितलं नव्हतं. उरला नव्हता. मी आहे म्हणून सांगितलं आणि आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.